शिकवण्याचा तास हिशेबात धरा : कोल्हापूर परिसरातल्या कारखानदारांना खुलं पत्र

सन्माननीय कारखानदार बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात उद्योजकांच्या एका बैठकीला मी मागच्या रांगेत बसलो होतो. विषय होता शिकाऊ उमेदवारांचा, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या अप्रेंटिसांचा. स्टायपेंड वाढणार अशी चर्चा निघाली आणि एका कारखानदारांनी उभं राहून हिशेब मांडला. ८० माणसांच्या कारखान्याला किमान दोन अप्रेंटिस घ्यावे लागतात. नाही घेतले तर दंड पहिले तीन महिने जागेमागे महिना ५०० रुपये, पुढे महिना १,००० रुपये. दोन जागांचे वर्षाला झाले २१ हजार. दोन पोरं घेतली तर खर्च लाखाच्या वर. "दंड भरून मोकळं व्हावं, तेच परवडतं," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या एकांनी सुचवलं, घ्यायचीच झाली तर एजन्सीमार्फत घ्यावीत आणि आल्या दिवशी मशिनवर उभी करावीत, तेवढाच एक ऑपरेटर वाचतो. यावर कुणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो आहे.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. १९८४ साली दहावी झाल्यावर मी पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात टर्नरचा, म्हणजे लेथवर धातू कातणाऱ्या कारागिराचा, अप्रेंटिस म्हणून लागलो. पूर्ण तीन वर्षांची उमेदवारी. सुरुवातीचे कित्येक महिने कारखान्याच्याच अप्रेंटिस शाळेत गेले आणि तिथे लेथच्या आधी हातात आली ती कानस. लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये पकडायचा, घासायचा, मग ट्राय स्क्वेअर लावून खिडकीच्या उजेडाकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली, की आमचे सर एक शब्द न बोलता ठोकळा परत व्हाइसवर ठेवायचे. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. सोळाव्या दिवशी रेघ दिसली नाही. सरांनी ठोकळ्यावर माझा नंबर पंच केला आणि म्हणाले, "आता लेथकडे चल." लेथवरचा पहिला धडा होता चक-की (लेथवर जॉब पकडणारा चक आवळायची चावी) चकमध्ये विसरायची नाही हा. आठवडाभर त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही. चाळीस वर्षं झाली, आजही चक-कीवरचा हात ती जागेवर ठेवल्याशिवाय सुटत नाही.

१९८७ मध्ये कोल्हापूरला परत आलो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका मशिनशॉपवर आधी टर्नर, मग सेटर (मशिन कामाला लावून देणारा), मग टूलरूम. शेवटची बारा वर्षं तिथल्या शिकाऊ पोरांची जबाबदारी माझ्याकडे होती. गेल्या वर्षी निवृत्त झालो. त्यामुळे यातली मालकाची बाजू, सुपरवायझरची बाजू आणि पोराची बाजू, तिन्ही मी जवळून पाहिल्या आहेत.

आणि एक बाजू घरातली आहे. माझा भाचा राधानगरी तालुक्यातला. मशिनिस्टचा दोन वर्षांचा आयटीआय चांगल्या मार्कांनी पास झाला आणि आपल्याच भागातल्या एका कारखान्यात वर्षाच्या अप्रेंटिसशिपला लागला. कारखान्याचं नाव लिहीत नाही. नाव लिहून बाकीचे सुटतील आणि मला कुणाला सोडायचं नाही. खोलीत पाच जण, मेसचा डबा, महिन्यातून एकदा गावाकडे. वर्ष संपत आलं तेव्हा तो माझ्याकडे आला. एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. तिथल्या सेटरनं त्याला व्हीएमसीसमोर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशिनसमोर) उभं करून एवढंच सांगितलं, "जॉबचा झिरो घे." म्हणजे मशिनवरच्या तुकड्याची मापं जिथून मोजायची तो आरंभबिंदू मशिनला द्यायचा. पोराला घेता आला नाही. वर्षभर व्हीएमसीवर उभा असलेला मशिनिस्ट! "मामा, मला कुणी हात लावूच दिला नाही. जॉब लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं, चार मिनिटांनी काढायचा." पाळीला शंभर-एकशेदहा जॉब. अकरा महिने एकच फ्लँज.

मी त्याचं लॉगबुक, म्हणजे रोज काय शिकला त्याची नोंदवही, मागितलं. अकरा महिन्यांची पानं एकाच निळ्या पेनानं, एकाच बैठकीत भरलेली दिसत होती. अक्षर त्याचं नव्हतं. पानं उलटता उलटता खंडेनवमीची तारीख आली. त्या दिवशी आपल्याकडे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मशिनी पुसून स्वच्छ, झेंडूच्या माळा, कोहळा, पेढे. त्या दिवशी बटणाला कुणी हात लावत नाही. लॉगबुकात लिहिलं होतं, "गिअर कटिंग, ८ तास." भाच्याला विचारलं तर त्या शॉपवर गिअरचे दाते पाडायला लागणारं डिव्हायडिंग हेडच नाही. खाली सुपरवायझरची सही आणि कारखान्याचा शिक्का.

ते पान माझ्यासमोर आहे आणि त्याला धरूनच मी माझ्या तक्रारी मांडतो आहे.

पहिली तक्रार शिकवण्याचीच. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे. त्यात अप्रेंटिस हा कामगार नाही, शिकणारा आहे, असं स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून त्याला पीएफ नाही, ईएसआयचा कामगार विमा नाही. मालकाला ही मोठी सवलत आहे आणि ती शिकवण्याच्या बदल्यात आहे. शिकवणं काढून घेतलं तर उरतो तो बिनपीएफचा, बिनईएसआयचा मजूर. कायदा मालकाला सांगतो, की प्रशिक्षणासाठी योग्य माणूस नेमा. आपल्याकडे किती कारखान्यांत असा माणूस नेमलेला आहे? नाव फॉर्मवर असतं. त्या माणसाला ते ठाऊकही नसतं. मी स्वतः एका शॉपवर विचारलं, "इथं पोरांना कोण शिकवतं?" सुपरवायझर म्हणाले, "बघून बघून शिकतात की." त्यांच्यावर मला राग धरता येत नाही. त्यांच्या डोक्यावर दिवसाचं टार्गेट असतं आणि पोराजवळ घालवलेला अर्धा तास त्यांच्या आकड्यातून कापला जातो.

दुसरी तक्रार पैशांच्या वेळेची. स्टायपेंड पुढच्या महिन्याच्या १० तारखेच्या आत खात्यावर जमा झाला पाहिजे, असा नियम आहे. भाच्याला तो कधी २२ ला मिळाला, कधी पुढच्या महिन्यात. त्याहून वाईट म्हणजे सरकारचा वाटा. २०१६ साली राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्यात स्टायपेंडच्या २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं. आधी ते मालकाला परत मिळायचे, २०२३ पासून थेट पोराच्या खात्यात येतात. पण त्यासाठी खातं आधारला जोडलेलं लागतं आणि मालकानं आपला वाटा दिल्याची नोंद दर महिन्याला सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर करावी लागते. भाच्याच्या कारखान्यात ही नोंद सहा महिने कुणी केलीच नाही. तो ऑफिसात विचारायला गेला की उत्तर एकच, "ते सरकारचं आहे, तू सरकारला विचार." सात हजारांतले दीड हजार. खोलीचं भाडं त्यातून जायचं. सहा महिने त्यानं ते मित्राकडून उसने घेतले आणि आईला कळू दिलं नाही.

तिसरी, ओव्हरटाइम आणि नगावर पैसे. पीसवर्कवर अप्रेंटिसला पैसे देता येत नाहीत, उत्पादन बोनसच्या स्पर्धेत त्याला ओढता येत नाही आणि सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइम करायला लावता येत नाही. हे सगळं कायद्यातच आहे. डिस्पॅचच्या आठवड्यात आपल्या शॉपवर काय चालतं ते तुम्हीही पाहता.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. प्रशिक्षण चालू असताना पोराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची आहे. कायद्याचं सोळावं कलम हेच सांगतं. आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी त्याला कामगारासारख्याच लागू आहेत. तरीही फौंड्रीत पातळ चपलेवर लॅडलजवळ (वितळलेल्या धातूच्या भांड्याजवळ) उभं केलेलं पोर मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. तापलेला रस पायावर सांडला. दवाखान्यात नेलं, पट्टी केली आणि दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवून दिलं. "तो आमचा कामगार नाही," असं त्याच्या वडिलांना सांगण्यात आलं. कामगार नाही, हे खरं. पण तुमच्या दारातून आत आलेला, तुमच्या हवाली केलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तो होताच. सेफ्टी शूज आणि गॉगल पहिल्या दिवशी, सहीच्या आधी. यावर घासाघीस होऊ शकत नाही.

आता पैशांकडे येतो, कारण बैठकीतल्या टाळ्या पैशांच्या हिशेबाला होत्या. तो हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. तो मी पूर्ण करतो.

२०१९ साली नियम बदलले. तेव्हापासून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेण्याचं बंधन आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक आहे. माणसं मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे. प्रमाण एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे ८० माणसांच्या कारखान्याला कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बारा. आयटीआय पास पोराचा किमान स्टायपेंड त्या नियमांनी महिना ७,००० ठरवला. दहावी पासला ६,०००, डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीधराला ९,०००. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय शिकाऊ परिषदेनं यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, त्यावरून बैठकीत गलका झाला. मी २०१९ चे आकडे धरून बोलतो. वाढीचा दर लावून तुम्ही पुन्हा मांडा, मुद्दा बदलत नाही.

आयटीआयच्या पोराला ७,०००. त्यातले १,५०० सरकारचे. मालकाच्या खिशातून महिना ५,५००. दोन पोरांचे वर्षाला १ लाख ३२ हजार. दंड २१ हजार. इथवर बैठकीतला हिशेब बरोबर.

त्यात धरलेलं नाही ते हे. गेल्या दोन वर्षांत सेटर मिळत नाही म्हणून तुमची किती मशिनं किती पाळ्या उभी राहिली? परप्रांतातून आणलेला ऑपरेटर सुट्टीला गेला आणि परत आला नाही, तेव्हा किती दिवस गेले? ड्रॉइंग नीट न वाचता आल्यानं एक लॉट बाद झाला, तर त्या कास्टिंगची, मशिनिंगची आणि उशिराची किंमत काय? हे आकडे माझ्याकडे नाहीत, तुमच्या रिजेक्शन रजिस्टरमध्ये आहेत. एका संध्याकाळी ते रजिस्टर उघडा आणि २१ हजारांशेजारी ठेवा.

आणि ज्या खर्चाचं नाव बैठकीत कुणी घेतलं नाही तो शिकवणाऱ्याच्या वेळेचा. आमच्या शॉपवर मी हा हिशेब मालकांना कागदावर काढून दाखवला होता. जुन्या, हातखंडा कारागिराचा कंपनीला पडणारा महिन्याचा खर्च ३६ हजार धरला. २६ दिवस, ८ तास, म्हणजे २०८ तास. तासाला सुमारे १७३ रुपये. त्यानं आठवड्याला सहा तास, रोज एक तास, फक्त पोरांसाठी द्यायचा. त्या तासात त्याच्या मशिनचं टार्गेट नाही. महिन्याला हा खर्च साधारण साडेचार हजार होतो. तीन पोरं असतील तर पोरामागे १,५००.

सरकार पोरामागे देतं तेही १,५००. ती रक्कम स्टायपेंडमधला तुमचा भार हलका करते. हलका झालेला तोच भार शिकवण्याच्या तासावर लावा, एवढंच माझं म्हणणं आहे. आमच्या मालकांनी तो कागद दोनदा वाचला, कॅल्क्युलेटर ओढला, स्वतः आकडे मारून पाहिले आणि दुसऱ्या महिन्यापासून सकाळी साडेसात ते साडेआठ हा तास कायम झाला. भिंतीवर फळा लागला. बाद झालेले जॉब फेकून न देता त्या तासाला टेबलावर यायला लागले. "हा का बाद झाला, शोध." पोरं माप तपासायचं गो-नो गो गेज घेऊन वाद घालायची. तो तास सुरू झाला आणि जुन्या कारागिरांतही फरक पडला. आमचे एक मेस्त्री, जे कुणाला ऑफसेट (मशिनवरची मापाची दुरुस्ती) दाखवायचे नाहीत, पाठ करून उभे राहायचे, त्यांनी आपणहून शिकवायला सुरुवात केली. शिकवण्याचे पैसे पगारपत्रकात वेगळ्या रकान्यात दिसायला लागले, तेव्हा त्यांना वाटलं की कंपनी आपल्या विद्येला किंमत देते. त्याआधी त्यांची भीती एकच होती, पोर शिकलं की आपली गरज संपेल.

पदवीधर आणि डिप्लोमाच्या मुलांसाठी वेगळी राष्ट्रीय योजना आहे. तिच्यात किमान स्टायपेंडचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं. आपल्या भागासाठी मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ ती पाहतं. क्वालिटी आणि डिझाइनला अशी मुलं लागतातच. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात सहा महिन्यांसाठी आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० रुपये सरकार देत होतं. बैठकीत एक जण म्हणाले, "आपल्याला तशीच योजना पाहिजे, फुकटात माणूस." पोराला कामाची ओळख व्हावी म्हणून ती ठीक होती, पण सहा महिन्यांत मशिनिस्ट होत नाही आणि तिच्या शेवटी ट्रेडची परीक्षाही नसते. तिला अप्रेंटिसशिपच्या जागी धरू नका.

"शिकवलं की पळतात." हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की यावर थोडं थांबायला हवं. होय, जातात. चाकणला जातात, रांजणगावला जातात, कुणी दुबईला. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी बरेच गेले. सात जण अजून त्याच शॉपवर आहेत, त्यातला एक आता टूलरूम सांभाळतो. गेलेल्यांपैकी दोघांनी हुपरीच्या बाजूला स्वतःचं युनिट टाकलं आणि आमच्या ग्राइंडिंगचं जॉबवर्क तेच करतात. मायक्रॉनचं काम विश्वासानं देता येतं, कारण त्यांना शिकवलं कुणी हे आम्हाला माहीत आहे. पोरं का जातात, हेही विचारा. वर्ष संपलं त्या दिवशी माझ्या भाच्याला कुणी सांगितलं नाही, की तुला घेणार आहोत की नाही. नुसतं गेटपास परत घेतलं. कायद्यानं मालकावर नोकरी देण्याची सक्ती नाही, पण २०१४ च्या दुरुस्तीपासून प्रत्येक आस्थापनेनं शिकाऊ उमेदवारांच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवायचं आहे. किती जणांनी ठरवलं? ज्याला उद्याचं काहीच सांगितलेलं नाही, तो थांबेल कशाला?

आणि तुमच्याच घरातली गोष्ट काढतो, राग मानू नका. शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं ते कशावर? इथल्या यंत्रउद्योगाचे आद्य कारागीर म्हादबा मेस्त्री यांचं नाव आदरानं घेणारं हे गाव आहे. तुमच्यातल्या कित्येकांच्या वडिलांनी, आजोबांनी कुणाच्या तरी लेथवर उमेदवारी केली. दिवसा झाडलोट, चहा, कचरा आणि संध्याकाळी मेस्त्रींच्या मागे उभं राहून कान पिळून घेत घेतलेली विद्या. त्या वेळी पोर्टल नव्हतं, सरकारचे १,५०० नव्हते. मेस्त्री शिकवायचे, कारण त्यांनाही कुणीतरी शिकवलं होतं. आज आपल्याकडे ऑइल इंजिनच्या काळाच्या कितीतरी पट मशिनं आहेत आणि शिकवायला रोजचा एक तास काढायला आपण तयार नाही.

लहान कारखान्यांची अडचण मी जाणतो. बारा माणसांच्या शॉपवर कुठली अप्रेंटिस शाळा काढणार? मोठ्या कंपन्या बिलाचे पैसे तीन-चार महिन्यांनी देतात, त्यात कामगारांचा पगार सांभाळताना मालकाच्या तोंडचं पाणी पळतं. यावर कायद्यातच एक वाट आहे आणि आपल्या भागाइतकी ती दुसरीकडे क्वचितच सोयीची असेल. अनेक मालक एकत्र येऊन, पोरांना आपापल्या कारखान्यांत फिरवून प्रशिक्षण देऊ शकतात. विचार करा, शिरोलीत एका गल्लीत पॅटर्न शॉप, पुढे फौंड्री, तिच्यासमोर मशिनशॉप, कोपऱ्यावर हीट ट्रीटमेंट आणि टेस्टिंग. पोर तीन महिने इथं, तीन महिने तिथं. ज्यानं साचा भरताना पाहिलं आहे, त्याला मशिनवर ब्लो होल (ओतकामात राहिलेलं पोकळ भोक) दिसलं की ते कुठून आलं हे कळतं. चार लहान कारखान्यांनी मिळून एक निवृत्त कारागीर शिकवायला ठेवला, तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च किती येतो? आमच्यासारखे बरेच जण घरी बसून आहेत. कुणी आम्हाला विचारलेलं नाही.

एजन्सीबद्दल एकच. कागदपत्रं, पोर्टल, करार, हजेरी हे काम एजन्सीकडे द्या, हरकत नाही. लहान ऑफिसला तो ताप झेपत नाही. पण एजन्सी शिकवत नाही. करारावरची सही तुमची आहे.

माझ्या मागण्या या आहेत.

जिथे अप्रेंटिस आहे तिथे रोजचा एक तास शिकवण्यासाठी ठरवा, तो वेळापत्रकात लिहा, त्या तासाचं टार्गेट शिकवणाऱ्याच्या आकड्यातून वजा करा आणि त्याचा मोबदला पगारपत्रकात वेगळा दाखवा. बाकी सगळ्या मागण्या मागे-पुढे होतील, ही होऊ नये.

लॉगबुक पोरानं रोज स्वतःच्या हातानं लिहावं. शनिवारी सुपरवायझरनं वाचून सही करावी आणि महिन्यातून एकदा मालकानं स्वतः ते उघडावं. दहा मिनिटं लागतात.

एका मशिनवर तीन महिन्यांपेक्षा जास्त कुणाला ठेवू नका. मशिनिस्टला झिरो घेता आला पाहिजे, टर्नरला टूल घासता आलं पाहिजे, फौंड्रीमनला वाळू मुठीत दाबून ओळखता आली पाहिजे. वर्ष संपण्याआधी ट्रेड टेस्टची तयारी कारखान्याच्या वेळेत करून घ्या.

स्टायपेंड १० तारखेच्या आत आणि पोर्टलवरची नोंद त्याच आठवड्यात. पोराचं खातं आधारला जोडलं आहे का, हे करार करतानाच तपासा. मागच्या ज्या महिन्यांची नोंद राहिली आहे, ती पूर्ण करून त्या पोरांचा सरकारी वाटा त्यांना मिळेल, याची व्यवस्था करा. ती पोरं निघून गेली असली तरी.

भरतीचं धोरण एका पानावर मराठीत लिहा आणि गेटजवळच्या फलकावर लावा. वर्षाअखेर किती जणांना घेणार, कशाच्या आधारावर, किती पगारावर. घेता येणार नसेल तर तेही लिहा. पोरांना खरं चालतं.

आणि उद्योजकांच्या संघटनांना विनंती, की फिरत्या प्रशिक्षणासाठी चार-पाच कारखान्यांचा पहिला गट या वर्षीच तयार करा. कळंबा रोडवरच्या आयटीआयच्या निदेशकांना त्या बैठकीला बोलवा, त्यांच्याशिवाय हे होणार नाही.

दंड भरून मोकळं होण्याचा ठराव लेखी झालेला नाही, हे मला माहीत आहे. तो तोंडीही राहू नये, म्हणून पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा. मला दहा मिनिटं द्या. मी भाच्याचं लॉगबुक घेऊन येईन, नावं झाकून. ते खंडेनवमीचं पान हातोहात फिरवा, स्वतः वाचा आणि मग काय ते ठरवा. ज्या कारखान्याला हा रोजचा तास सुरू करायचा आहे, तिथे आठवड्याचे दोन दिवस मी येईन. त्याचे पैसे नकोत. फळा, खडू आणि बाद झालेले जॉब ठेवा.

या खंडेनवमीच्या आत उत्तर मिळावं, ही अपेक्षा.

आपला नम्र,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर